पहिली फिशिंग कयाक घ्यायची? आधी तलाव बघा, मग ऑनलाइन जा

मागच्या उन्हाळ्यापासून गावातली पोट्टी विचारून राहिली, भाऊ कोणती कयाक घेऊ, लिंक पाठवा ना. कयाक म्हणजे एकट्याने बसून वल्हवायची छोटी होडी. लिंक मी कोणाला पाठवत नाही, कारण माझी पहिली कयाक मी लिंक बघूनच घेतली होती. अरुंद, लांबुळकी, फोटोत एकदम झकास. दुसऱ्याच दिवशी तलावात मरळ लागली, मी ओढायला एका बाजूला झुकलो आणि मी, रॉड, मोबाइल, डब्यातली पोळी-भाजी सगळं बेशरमच्या झुडपात. पाण्याबाहेर निघालो तर पाळीवर बसलेले ढिवर काका म्हणे, "काहून बाबू, हा प्लास्टिकचा डोंगा चालवाले शिकला नाही का आधी?" बरोबरच होतं त्यांचं.

म्हणून पहिली पायरी म्हणजे तुम्ही कुठल्या पाण्यात जाणार ते ठरवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या ताब्यातले, १९५१ मध्ये मालगुजारी गेली तरी नाव तेच राहिलं, हे बहुतेक उथळ, गाळाचे, कमळ-शिंगाड्याने भरलेले. तिथे आखूड आणि रुंद कयाक पाहिजे. गोसीखुर्द, इटियाडोह, अप्पर वर्धा अशा धरणावर मोकळं पाणी असते, दुपारी वारा सुटला की लाटा येतात, तिथे थोडी लांब कयाक सरळ चालते. गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत तेही लक्षात ठेवा, आणि पावसाळ्यात धरणाच्या ३३ गेटांपैकी थोडे जरी उघडले तरी खाली वैनगंगेत कयाक घेऊन जायचं नाही म्हणजे नाही. पेंचचं तोतलाडोह आणि ताडोब्याचा तलाव तर डोक्यातूनच काढा, व्याघ्र प्रकल्पाच्या आत मासेमारी बंद आहे, आणि ताडोब्यात मगरी आहेत ते वेगळंच.

पाणी ठरलं की कयाक घ्यायच्या आधी परवानगी. गावतलावाचा ठेका बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असते, रोहू-कतल्याचं बीज त्यांनी पैसे देऊन सोडलेलं असते. अध्यक्षाला किंवा सचिवाला जाऊन भेटा, गरीने एकदोन मासे धरीन, जाळं लावणार नाही असं सांगा. चहा पाजा. तलावात दगड कुठे, खोल कुठे, मरळ कुठे बसते हे जे तिथे कळेल ते कोणत्याच व्हिडिओत नाही.

आता कयाक. दोन जाती, एकीत पाय आत घालून बसायचं आणि दुसरीत वर बसायचं, तिला सिट-ऑन-टॉप म्हणतात. नवीन माणसाने डोळे मिटून सिट-ऑन-टॉप घ्यावी. तिच्यात तळापर्यंत आरपार भोकं असतात, पाणी आलं तर आपोआप निघून जाते, आणि पलटली तरी ती भरत नाही, सरळ करून परत चढता येते. पाय आत घालायची जी आहे ती मूळची इनुइट लोकांची, बर्फाच्या मुलखातली, सीलचं कातडं ताणून केलेली, थंडीपासून वाचायला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, त्या भट्टीत पाय कोंडून काय करता?

माप: लांबी १० ते १२ फूट, रुंदी ३० ते ३४ इंच. पहिल्यांदा घेणाऱ्याने लांबीपेक्षा रुंदी बघावी, माझं बुडणं त्याच इंचांमुळे झालं. मग वजन. कंपनी जी कमाल क्षमता लिहिते तिच्या ७० टक्क्यांपर्यंतच भार धरा. समजा तुम्ही ८२ किलो, सामान १५, पाणी-डबा-मासे ८, झाले १०५. म्हणजे १५० किलो क्षमतेची कयाक लागेल, १२० ची घेतली तर अर्धी बूड पाण्यातच राहील आणि वल्हवून खांदे जातील. कयाकचं स्वतःचं वजनही विचारा, २५-३५ किलोची वस्तू आहे, पाळीवरून एकट्याने उतरवता येईल का ते घरी गव्हाचं पोतं उचलून बघा. पायडलवाली कयाक भारी असते, हात मोकळे राहतात, पण शेवाळ-कमळात पंखा गुंडाळला जातो, गावतलावावर पैसे वाया. हवेची घेऊ नये असं नाही, पण बेशरमच्या तुटक्या खोडांवर आणि बाभळीच्या काट्यावर मला तिचा भरवसा नाही.

सामानात पहिला खर्च लाइफ जॅकेटचा, आणि तो कयाकच्या बिलात वाचलेल्या पैशातून नाही, आधी बाजूला काढून ठेवा. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असते, ती पाण्यात किती जोराने वर उचलते त्याचा. ५० वाली पोहता येणाऱ्यासाठी, पोहता येत नसेल तर १०० वाली घ्या, आणि खरं सांगू तर आधी पोहायला शिका. घातल्यावर कोणाला तरी खांद्यापासून वर ओढायला सांगा, कानापर्यंत आली तर ती तुमच्या मापाची नाही. घालायची, सीटखाली ठेवायची नाही. शिट्टी तिलाच बांधा.

वल्हं साधारण २४० सेंमी, कयाक ३२ इंचांपेक्षा रुंद असेल तर २५०. आखूड वल्ह्याने दर वेळी बोटं कयाकच्या काठावर घासतात, आठ दिवसांत सालटी निघतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या पाच फेऱ्या काहीच बसवू नका. ड्रिल तर हातात घेऊच नका. मी पहिल्याच संध्याकाळी हौसेने रॉड होल्डरची भोकं पाडली आणि सकाळी पाण्यात गेल्यावर कळलं की प्रत्येक वल्ह्याला होल्डर आडवा येऊन राहिला. ती भोकं अजून एमसीलने बुजवलेली आहेत. रॉड न घेता जा, हात कुठे पोचतो, कुठे आडवं येतं ते बघा. मग सीटच्या मागे भाजीवाल्याचं प्लास्टिक क्रेट बांधा, त्याच्या मागच्या बाजूला पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे कसले की झाले रॉड होल्डर. बांधायला जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या. पक्कड, चाकू, रॉड, वल्हं सगळ्याला दोरी लावा, जे बांधलं नाही ते तलावाचं. मोबाइल ड्राय बॅगमध्ये.

नांगराबद्दल थोडं. दीड किलोचा घडीचा नांगर मिळते, धरणावर ठीक, पण आपल्या गाळात असा रुततो की दोरी कापून यावं लागते. गावतलावात ढिवर लोकांसारखा बांबू खोवा आणि कयाकच्या मागच्या टोकाला सुटी गाठ मारा, एका झटक्यात सुटली पाहिजे. नांगर असो की बांबू, कयाकच्या बाजूला कधीच बांधायचं नाही. वारा आला की कयाक आडवी होऊन पलटते.

मासा धरायच्या आधी एक दिवस मुद्दाम बुडा. छातीभर पाणी, जॅकेट अंगात, पाळीवर दोन माणसं उभी. कयाक पलटवा, तिच्या पलीकडच्या कडेला धरून सरळ करा, मग मधोमध येऊन पाय पाण्याच्या वरच्या बाजूला मारत पोटावर आडवे चढा, बेंबी कयाकच्या मधे आली की हळूच कुशीवर वळून सीटवर बसा, पाय शेवटी आत. दहा वेळा करा. पहिल्या चारदा जमणार नाही, पोट्टे हसतील, हसू द्या.

वेळ: उजाडताना पाण्यात आणि उन्हाळ्यात नऊच्या आत बाहेर. मे-जूनमध्ये ढग काळे दिसले, गडगडाट ऐकू आला की लगेच काठ गाठा, मोकळ्या पाण्यात सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता आणि हातात कार्बनचा रॉड. फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र? पहिल्या वर्षी नको, दहा-बारा फूट पाण्यात बुडबुडे बघा.

नेताना गाडीच्या टपावर फोम टाकून पट्ट्याने बांधा, पण फार करकचून नाही, उन्हात प्लास्टिक नरम होऊन बूड दबते. घरी उलटी ठेवा, सावलीत, आमची कोठ्यात बैलबंडीच्या बाजूला असते. आणि तिथून काढताना आधी काठीने दोनदा ठोका, सीटखाली हात घालू नका. मागच्या भादव्यात माझ्या क्रेटमध्ये विंचू निघाला होता.