तीन रिमोटांचं काम एकावर: युनिव्हर्सल रिमोट नीट बसवायचा कसा

टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, साउंडबारचा तिसरा. साध्या बातम्या लावायच्या तरी तिन्ही लागतात आणि त्यातला एक हमखास सोफ्याच्या फटीत असतो. युनिव्हर्सल रिमोटने हे सुटतं. पण तो आणल्या आणल्या बटणं दाबत बसलात तर कोड (कंपनीप्रमाणे ठरलेला आकडा) सापडूनही काम अर्धवट राहतं: टीव्ही बंद होतो, बॉक्स चालूच, आवाज वाढवला की वाढतो टीव्हीचा, साउंडबार आपला तसाच. म्हणून रिमोट हातात घेण्याआधी दोन गोष्टी ठरवून टाका. घरातलं कुठलं यंत्र इन्फ्रारेडवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर) चालतं, आणि आवाज कुणाच्या ताब्यात द्यायचा.

आधी आयआर की ब्लूटूथ ते बघा

बाजारातले साधे युनिव्हर्सल रिमोट फक्त इन्फ्रारेडवर, म्हणजे आयआरवर चालतात. फोनचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, जुन्या रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर तो आयआर. मागच्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा आयआर अडवणारा फिल्टर असतो, म्हणून सेल्फीच वापरा. काही फोनांत सेल्फीलाही फिल्टर असतो, तेव्हा आधी एसीच्या चालत्या रिमोटवर कॅमेरा तपासून घ्या.

ठिपका दिसला नाही, पण रिमोट उशीखाली दाबून धरला तरी यंत्र ऐकतंय, तर तो बहुधा ब्लूटूथ. फायर टीव्ही स्टिक या प्रकारातली. तिला आयआरचा सेन्सरच नाही, त्यामुळे आयआर रिमोटमध्ये कितीही कोड घाला, ती हलणार नाही. इथे काम उलटं करायचं: आवाजाची बटणं असलेल्या फायर टीव्ही रिमोटला ब्लूटूथबरोबर आयआरही असतो. सेटिंग्जमधल्या 'इक्विपमेंट कंट्रोल'मध्ये जाऊन तुमच्या टीव्हीची किंवा साउंडबारची कंपनी निवडा, की टीव्हीची पॉवर आणि आवाज त्याच रिमोटवर येतात. घरी नुसती स्टिकच बघत असाल तर वेगळा युनिव्हर्सल रिमोट घेऊच नका.

स्मार्ट टीव्हीची गोष्ट जरा वेगळी. एलजीचा मॅजिक रिमोट ब्लूटूथवर बोलतो, पण टीव्हीच्या खालच्या पट्टीत आयआरचा सेन्सर असतोच. त्यामुळे आयआर युनिव्हर्सल चालतो. फक्त स्क्रीनवर फिरणारा बाण आणि बोलून शोधणं त्यावर मिळत नाही.

कुठला रिमोट घ्यावा

फक्त टीव्ही आणि डीटीएच बॉक्स एवढंच असेल तर बॉक्सचाच रिमोट बघा. बऱ्याच डीटीएच आणि केबलच्या रिमोटवर एका चौकटीत टीव्हीची चार-पाच बटणं वेगळी दिलेली असतात: पॉवर, सोर्स, आवाज कमी-जास्त. ती शिकवता येतात, आणि निम्म्या घरांचा प्रश्न तिथेच मिटतो.

तीन यंत्रं असतील तर 'लर्निंग', म्हणजे जुन्या रिमोटवरून बटणं शिकणारा, असं स्पष्ट लिहिलेला घ्या. नुसते कोडवाले रिमोट स्वस्त असतात, पण त्यांच्या यादीत नामांकित कंपन्यांचे टीव्ही असतात. गावातल्या केबलवाल्याने दिलेला बॉक्स किंवा ऑनलाइन घेतलेला साउंडबार त्यात सापडेलच असं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल तर जुने रिमोटच सोबत न्या आणि दुकानातच दोन बटणं शिकवून बघा. लॉजिटेकचा जुना हार्मनी युनिव्हर्सल रिमोट कुणी स्वस्तात देत असेल तर एवढं लक्षात असू द्या: कंपनीने ते रिमोट बनवणं २०२१ मध्ये थांबवलं, आणि त्याची सगळी मांडणी कंपनीच्या सर्व्हरवरून होते.

कोड टाकून

दोन्ही सेल नवे घाला. टीव्ही चालू ठेवा. रिमोटवरचं 'सेट' बटण साधारण ३ सेकंद दाबून धरा. दिवा लागून राहिला की सोडा. मग 'टीव्ही' दाबा आणि सोबतच्या कागदावरचा तुमच्या कंपनीचा कोड टाका. कोड बहुधा ३ किंवा ४ आकडी असतो. दिवा विझला म्हणजे रिमोटने कोड घेतला. तो बरोबर आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

नुसती पॉवर चालली म्हणून खूश होऊ नका. एकाच कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांची पॉवर सारखी असते, पण मेन्यू आणि सोर्सची बटणं वेगळी. आवाज, म्यूट, सोर्स, मेन्यू, बाण आणि एखादा आकडा एवढं दाबून बघा. एखादं चाललं नाही तर यादीतला पुढचा कोड घ्या.

यादीत कंपनीच नसेल तर शोध लावा. सेट दाबून धरा, टीव्ही दाबा आणि मग पॉवर पुन्हा पुन्हा दाबत राहा. प्रत्येक दाबाला पुढचा कोड जातो. दोन दाबांमध्ये एखादा सेकंद थांबा, कारण टीव्ही बंद व्हायला वेळ घेतो आणि तेवढ्यात तुम्ही दोन कोड पुढे गेलेले असता. बंद झाला की लगेच सेट दाबून कोड पक्का करा. आपोआप शोधणाऱ्या रिमोटमध्ये ही घाई रिमोटच करतो, म्हणून तिथे बोट सेटवर ठेवूनच बसा.

शिकवून

खरं काम इथे आहे. शिकवताना नवा रिमोट जुन्याच्या उजेडाच्या झपक्या मोजून तशाच साठवतो. त्यामुळे शिकवताना जी गडबड होईल ती कायमची साठते.

१. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवा. मध्ये २ ते ५ सेंटिमीटर अंतर. एक जाड आणि एक बारीक असेल तर बारक्याखाली काडेपेटी सरकवा, दोन्हींची टोकं एका उंचीवर यायला हवीत.

२. नव्या रिमोटवर शिकण्याची अवस्था चालू करा (बहुतेकांत सेट किंवा लर्न ३ सेकंद दाबून).

३. जे बटण शिकवायचं ते नव्यावर दाबा. दिवा लुकलुकायला लागेल.

४. जुन्यावरचं बटण एकदाच, साधारण अर्धा सेकंद दाबा. दिवा पटापट लुकलुकला म्हणजे घेतलं.

५. सगळी बटणं झाली की सेट दाबून बाहेर या.

चौथ्या पायरीला लोक चुकतात. 'नीट घेऊ दे' म्हणून बटण दाबून धरतात. खूप रिमोट एनईसी पद्धतीचे असतात. त्यात पूर्ण संदेश एकदाच जातो आणि बटण दाबलेलंच असेल तर पुढे फक्त 'तेच पुन्हा' एवढी छोटी खूण जात राहते. नव्या रिमोटने नेमकी ती खूण पकडली तर बटण शिकल्यासारखं दिसतं, चालत मात्र नाही.

ट्यूब, सीएफएल बंद करा, खिडकीतून येणारं ऊन अडवा. जुन्या रिमोटलाही शिकवण्यापुरते नवे सेल घाला. आणि आधी सगळी बटणं शिकवत बसू नका: एक बटण शिकवा, नव्याचे सेल काढा, पाच मिनिटांनी परत घाला आणि ते बटण चालतं का बघा. काही स्वस्त रिमोट सेल काढले की सगळं विसरतात. तसा निघाला तर परत करायची वेळ हीच.

एक विचित्र दोष पुढे केव्हातरी दिसतो. ११३ नंबरचा चॅनल लावायला जाता आणि १३ लागतो. काही यंत्रं फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीने चालतात. त्यात प्रत्येक नव्या दाबाला संदेशातला एक बिट उलटतो आणि यंत्राला कळतं की बोट उचलून पुन्हा ठेवलं. शिकलेल्या बटणात तो बिट गोठलेला असतो, म्हणून दोनदा दाबलेला १ यंत्राला एकदाच दाबून धरलेला वाटतो. दोन दाबांमध्ये किंचित थांबलात तर बहुधा चालतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे त्या यंत्रासाठी शिकवणं सोडून कोड वापरणं, कारण कोडवरून चालणारा रिमोट तो बिट स्वतः उलटवतो.

आवाज कुणाचा?

साउंडबार एचडीएमआयच्या 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टमध्ये जोडला असेल तर आधी टीव्हीची सेटिंग्ज बघा. सीईसी (एचडीएमआयच्या वायरमधून यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू केलं की टीव्हीच्या रिमोटवरूनच साउंडबारचा आवाज बदलतो. मेन्यूत हा शब्द बहुधा सापडत नाही, कंपन्यांनी बारसं वेगवेगळं केलंय: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. साउंडबारमध्येही ते चालू लागतं.

ऑप्टिकल वायरने जोडला असेल तर सीईसी विसरा, त्या वायरमधून फक्त आवाज जातो. टीव्हीचे स्पीकर बंद करा, आणि युनिव्हर्सल रिमोटवर आवाज व म्यूट ही बटणं साउंडबारची शिकवा. टीव्हीच्या आणि बॉक्सच्या, दोन्ही मोडमध्ये, म्हणजे रिमोटवर टीव्ही निवडलेला असताना आणि बॉक्स निवडलेला असतानाही. हे राहून गेलं की आजी म्हणतात रिमोट बिघडला, आणि बिघडलेलं काहीच नसतं. रिमोट बॉक्सच्या मोडमध्ये असतो आणि बॉक्सचा आवाज शंभरावर पोचलेला असतो. बॉक्सचा आवाज एकदा पुरेसा वर लावून तिथेच सोडून द्यायचा.

सगळं एका बटणावर

एका दाबात टीव्ही, बॉक्स, साउंडबार चालू करणारं बटण छान वाटतं, पण त्यात एक मेख आहे. घरातल्या बहुतेक रिमोटांचं पॉवर बटण 'चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू' असं असतं. बॉक्स आधीच चालू राहिला असेल तर सगळं चालू करणारा दाब त्याला बंद करतो, आणि मग तिघांचा ताळमेळ काही केल्या बसत नाही. फक्त चालू आणि फक्त बंद असे वेगळे कोड कोडयादीत मिळाले तर तेच वापरा. नाही मिळाले तर पॉवरची तीन बटणं वेगळीच ठेवा. शिवाय एकामागून एक संदेश जाईपर्यंत रिमोट टीव्हीकडेच धरून ठेवावा लागतो; बटण दाबून लगेच टेबलावर टाकला की शेवटचं यंत्र राहतं.

एसीलाही याच रिमोटवर घ्यायचा मोह होतो. एसीचा रिमोट दर दाबाला तापमान, पंखा, मोड सगळं एकदम पाठवतो. 'तापमान वाढव' शिकवलंत तर शिकवताना पडद्यावर जो आकडा होता, समजा २५, तोच दरवेळी जाईल. त्यात हा संदेश लांब असल्याने साध्या लर्निंग रिमोटमध्ये बऱ्याचदा मावतच नाही. एसीचा रिमोट भिंतीवरच बरा.

वायफायवर चालणारे आयआर ब्लास्टर, म्हणजे ब्रॉडलिंकसारखी छोटी डबी, फोनवरून आणि बोलून काम करतात. जोडताना फोन २.४ गीगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा, ५ वर असल्यामुळेच बऱ्याच जणांची जोडणी अडते. डबी टीव्हीसमोर मोकळी ठेवा, कपाटात नको. वीज गेली आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर ती मुकी होते.

चालता चालता अडलं तर

जवळून चालतो, लांबून नाही: सेल बदला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे, काही रिमोटांना तो फरकही भोवतो. रिमोटला घातलेलं प्लास्टिकचं कव्हर धुरकट झालं असेल तर तेही काढा. बॉक्स टीव्हीच्या मागे लपवला असेल आणि त्याला आयआरचं छिद्र असेल तर वायरवाला 'डोळा' मिळतो, तो पुढे चिकटवा. त्याची पिन बॉक्सप्रमाणे बदलते, बघून घ्या.

लागलेला कोड सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. जुने रिमोट फेकू नका, काही टीव्ही फॅक्टरी रीसेट केल्यावर मूळ रिमोटच मागतात. फक्त त्यातले सेल काढून ठेवा, पडून राहिलेले सेल पाझरून स्प्रिंगा खातात.