वॉकीटॉकी वापरताना या चुका टाळा: आधी बटण, मग बॅटरी

गणपती, नवरात्र आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, हे दिवस जवळ आले की सोलापुरातल्या मंडळांची पोरं पिशवीत वॉकीटॉकी घालून माझ्याकडे येतात. "मालक, सेट गेलेत. बघा जरा." बघावं तर सेट ठणठणीत असतात. कुणाची बॅटरी नीट बसलेली नसते, कुणी चॅनेल बदलून ठेवलेला असतो, कुणाच्या चार्जरच्या पट्ट्यांवर वर्षभराची धूळ असते. सेट घेताना सगळे विचारतात, "किती किलोमीटर चालतो?" कसा वापरायचा आणि चार्ज कसा करायचा, हे कुणी विचारत नाही. तेवढं अर्ध्या तासात शिकून होतं, पण तो अर्धा तास मिरवणुकीच्या आदल्या दिवशीसुद्धा कुणाला सापडत नाही. म्हणून हे लिहून ठेवतोय.

दाबलेलं राहिलेलं बटण

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीत स्वयंसेवकांना सेट दिलेले होते. पुढचा माणूस टिळक चौकात, मागचा बाळीवेशीपाशी, मधे ट्रॅक्टर आणि लेझीमची पथकं. ऐन गर्दीत सगळ्यांचे सेट एकदम मुके झाले. मुके म्हणजे काय, तर प्रत्येकाच्या सेटमधून फक्त लेझीम ऐकू येत होती. पोरांनी धडाधड बॅटऱ्या बदलल्या. एकानं चॅनेल बदलला, त्याचं बघून दुसऱ्यानं तिसराच लावला. थोड्या वेळात अख्खा गट तीन चॅनेलवर विखुरला होता आणि मागची गर्दी पुढच्या ट्रॅक्टरवर येत होती. पुढच्याला थांबवायला एक पोरगा गर्दीतून पळत गेला.

मी बाजूच्या बोळात शिरलो, सेट कानाला लावला आणि नुसता ऐकत राहिलो. लेझीम, हलगी आणि मधेमधे अगदी जवळून "गरम कणीस, गरम कणीस". कणीसवाला मधल्या मारुतीजवळच्या कोपऱ्यावर उभा होता, ते येताना मी पाहिलं होतं. तिथं गेलो. एका स्वयंसेवकानं सेट कमरेच्या शेल्यात खोचला होता आणि शेल्याची गाठ बरोबर बोलायच्या बटणावर बसली होती. सेट हाताला चटका बसेल इतका तापला होता. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नव्हता, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

या साध्या सेटांवर एका चॅनेलवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. एकाचं बटण दाबलेलं राहिलं की तो बोलत नसला तरी चॅनेल अडतो. शिवाय हे सेट ज्या एफएम पद्धतीनं चालतात, तिच्यात जोरदार सिग्नल कमजोर सिग्नलला झाकून टाकतो, त्यामुळे अडकलेला सेट जवळ असेल तर लांबचा माणूस कितीही ओरडला तरी काही पोचत नाही.

सगळ्यांचे सेट एकाच वेळी मुके झाले तर बॅटरीला हात लावू नका. सगळ्यांच्या बॅटऱ्या एकाच क्षणी संपत नसतात. आधी आपल्याच सेटचा दिवा बघा. बोलण्याचा लाल दिवा लागलेला असेल तर चोर तुमच्याच कमरेला आहे. नसेल तर शांत राहून ऐका. मागचा आवाज कुठला आहे, ते ओळखा आणि तिकडं चाला.

हे होऊच नये म्हणून सेटमध्ये सोय असते. मेनूत टाइम-आउट टायमर असतो. मी तो साठ सेकंदांवर ठेवतो. तेवढ्या वेळानं सेट आपोआप प्रसारण थांबवतो आणि बटण सोडून पुन्हा दाबेपर्यंत गप्प राहतो. साठ सेकंदांत ज्याचं बोलणं संपत नाही, त्यानं फोन करावा. दुसरी सवय सेट लावण्याची. कमरेला, शेल्यात, पँटच्या खिशात सेट नको. छातीवरच्या पट्ट्याला लावा, बटणाची बाजू मोकळी ठेवा. तिथं तो दिसतो, ऐकू येतो आणि अँटेनाही उभा राहतो.

दाबलं की लगेच बोलणं, बोलणं संपायच्या आत सोडणं

बॅटरी वाचवण्यासाठी ऐकणारा सेट मधूनमधून डुलकी घेत असतो. त्याला जागं व्हायला क्षणभर लागतो. टोन, म्हणजे आपल्याच गटाचं बोलणं ऐकू यावं म्हणून लावायचा कोड, लावलेला असेल तर तो ओळखायला आणखी थोडा वेळ जातो. तुम्ही बटण आणि तोंड एकदमच उघडलं, तर पहिला शब्द जातो. बोलता बोलता बोट उचललं, तर शेवटचा जातो. आणि आपल्या भाषेत नकार बहुतेक वेळा शेवटी असतो. "गाडी पुढं सोडू नका" यातला "नका" गळाला, तर समोरच्याला काय ऐकू येईल, याचा विचार करा.

बटण दाबा, एक श्वास घ्या, बोला, एक श्वास थांबा, मग सोडा. आणि हुकूम एका शब्दाचा ठेवा, दोनदा म्हणा: "थांबा, थांबा." किंवा "सोडा, सोडा." "नका" लागेल असं वाक्यच मिरवणुकीत वापरायचं नाही, असा माझ्या हाताखालच्या पोरांना नियम आहे. आकडेही सुटे सांगा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर गोंगाटात सारखेच ऐकू येतात. "पाच नऊ" म्हटलं की घोळ होत नाही.

सेट तोंडाला चिकटवून ओरडण्यानं काही साधत नाही. आवाज चिरका होतो आणि समजत नाही. चार बोटं अंतर ठेवा, नेहमीच्या आवाजात बोला. ढोल जवळ असेल तर त्याच्याकडं पाठ करा.

बॅटरी: जुना सल्ला आणि सोलापूरचं ऊन

"नवीन बॅटरी पहिल्यांदा रात्रभर चार्ज करा, आणि दर वेळी पूर्ण संपवूनच परत लावा." हा सल्ला आजही काउंटरवरून मिळतो. तो निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. आताच्या बहुतेक हँडसेटमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते: आत दोन सेल, मिळून ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. तिला पूर्ण संपवणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं. अर्धी झाली तरी खुशाल चार्जिंगला लावा. दिवा हिरवा झाला की काढा. त्यानंतर रात्रभर ठेवून तिच्यात जास्तीचं काही भरत नाही.

पण आपल्याकडं बॅटरी मारतो तो चार्जर नव्हे, ऊन मारतं. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ अंशांवर जातो. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्याची नेहमीची मर्यादाच ४५ अंश आहे. म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला चार्जिंग लावलंत, तर तुम्ही आधीच काठावर आहात, आणि चार्ज होताना बॅटरी स्वतः आणखी तापते. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर पारा साठच्या पुढं सहज जातो. होटगी रोडला माल भरणाऱ्या एका ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्यानं दोन सेट अख्खा उन्हाळा डॅशबोर्डवर ठेवले. जूनमध्ये बॅटरी सेटमधून निघेना. फुगून ती खाचेत घट्ट अडकली होती, मागचं प्लास्टिक पोटासारखं वर आलं होतं. तो स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायला निघाला होता. तसं कधीही करू नका. सेल फुटला तर पेट घेतो. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडं द्यायची.

मी चार्जिंग पहाटे लावतो. चार्जर शहाबादी फरशीवर, भिंतीपासून थोडा लांब, वर कपडा-कागद काही नाही. सेट बंद करूनच चार्जरच्या वाटीत ठेवतो, कारण चालू सेट करंट ओढत राहतो आणि चार्जरला बॅटरी भरल्याचा अंदाज नीट लागत नाही. उन्हातून आणलेली बॅटरी आधी सावलीत गार होऊ देतो. सण संपल्यावर सेट कपाटात जाणार असतील, तर बॅटरी साधारण अर्धी भरून, सेटमधून काढून ठेवतो आणि दोन-तीन महिन्यांनी बघतो. पूर्ण रिकामी करून ठेवलेली बॅटरी पुढच्या वर्षी उठेलच असं नाही. प्रत्येक बॅटरीवर विकत घेतल्याचा महिना मार्करनं लिहितो. हे करायला कुणालाच धीर नसतो, आणि मग सगळ्यात जुनी बॅटरी नेमकी सगळ्यात पुढच्या माणसाकडं जाते.

चार्जरचा दिवा लाल-हिरवा लुकलुकत असेल तर चार्जर फेकू नका. वाटीतल्या आणि बॅटरीवरच्या पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबरनं हलक्या घासा, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. आपल्या धुळीत आणि घामात त्या काळ्या पडणारच.

"खोक्यावर बारा तास लिहिलंय, आमचा चार तासांत संपतो," ही तक्रार नेहमीची. खोक्यावरचे तास बहुधा असे मोजलेले असतात: पाच टक्के वेळ बोलणं, पाच टक्के ऐकणं, नव्वद टक्के नुसतं चालू असणं. पाच वॅटचा सेट बोलताना साधारण दीड अँपिअर ओढतो, गप्प असताना त्याच्या काही टक्केच. म्हणजे जो सतत बोलतो त्याचीच बॅटरी आधी संपणार. मिरवणुकीतल्या मुख्य माणसाला दुसरी बॅटरी द्या. आणि सेटमध्ये पॉवर कमी करायची सोय असेल तर ती वापरा. दोन चौकांत बोलायला पूर्ण ताकद लागत नाही.

गाडीच्या १२ व्होल्टची वायर थेट सेटच्या पट्ट्यांना जोडण्याचा उद्योग काही जण करतात. इंजिन चालू असताना तिथं चौदा व्होल्टपर्यंत असतात. सेट मरतो, कधी धूर काढून मरतो. वाटीला किती व्होल्ट लागतात ते तिच्या बुडाशी लिहिलेलं असतं, ते वाचा. बॅटरीवरच टाइप-सी भोक असलेल्या स्वस्त सेटांची वेगळीच गंमत: दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेली केबल लावली की पुष्कळदा चार्जच होत नाहीत. जुन्या चपट्या यूएसबीची केबल लावा, चालतं.

"जास्त वॅटचा घेऊ का?"

घेऊ नका. पाचाचे दहा वॅट केले तर समोरच्या सेटच्या सिग्नल-मीटरवर जेमतेम अर्धा आकडा वाढतो. अंतर ठरतं ते उंचीवर. सपाट मोकळ्या जागी जमिनीवर उभ्या असलेल्या दोन माणसांमध्ये, सेट दीड मीटर उंचीवर धरला तर, रेडिओचं क्षितिज, म्हणजे लहरी सरळ पोचायची हद्द, दहा किलोमीटरच्या आसपास येते. तेही माळरानावर. नवी पेठेच्या गल्लीत भिंती आणि गर्दी मिळून त्याचा किलोमीटर-दीड किलोमीटर करतात. त्यातला एक माणूस सोळा मीटर उंचीच्या गच्चीवर चढवा, एकट्या त्याचं क्षितिज सोळा किलोमीटरच्या पुढं जातं. म्हणून मी दर वेळी एक शहाणा माणूस गच्चीवर बसवतो. तो खालच्यांचे निरोप पुढं सांगतो. फुकट उपाय आहे, पण गच्चीवर बसायला कुणी तयार नसतं, सगळ्यांना ट्रॅक्टरपुढं नाचायचं असतं.

अँटेना काढता येणारा सेट असेल तर अँटेना लावल्याशिवाय बटण दाबू नका. बाहेर न गेलेली ताकद सेटच्या आतच उष्णता होते आणि शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. अँटेना धरून सेट उचलू नका, फिरवू नका. बोलताना तो उभा ठेवा.

बाकीचं थोडक्यात. आवाजावर आपोआप चालू होणारी व्हीओएक्स सोय फटाके आणि ढोल असतील तिथं बंद ठेवा. बॅटरी बसवताना "टक्" ऐकू आलं पाहिजे. टोन किंवा 'प्रायव्हसी कोड' लावला म्हणजे बोलणं गुप्त झालं असं नाही. तुम्हाला दुसरे ऐकू येत नाहीत इतकंच, तुमचं बोलणं त्या चॅनेलवर कुणीही ऐकू शकतो, म्हणून पैशांचं आणि पोरीबाळींच्या पत्त्यांचं त्यावर बोलू नका. चॅनेल हरवला तर काय, हे आधी ठरवा: आमच्याकडं सगळ्यांनी चॅनेल एकवर परत यायचं.

परवाना

याबाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही. आपल्याकडं परवान्याशिवाय वापरता येणारा वॉकीटॉकीचा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, २०१८च्या नियमांनी तो कमी ताकदीच्या सेटांसाठी मोकळा केला. सेटला ईटीए, म्हणजे सरकारची उपकरण-मंजुरी, असली पाहिजे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येणारे सेट घेऊन मंडळात वाटणं बेकायदा आहे. तुम्ही सहज जिथं लावाल तिथं पोलीस, रेल्वे किंवा अग्निशमन दल बोलत असू शकतं. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याही याच कारणानं. विकत घेताना फ्रिक्वेन्सी आणि ईटीए प्रमाणपत्र विचारा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडं जा.

ज्याला खरंच लांब बोलायचंय, त्यानं हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची, परीक्षा द्यावी. वयाची अट बारा वर्षं. रिस्ट्रिक्टेड या सुरुवातीच्या श्रेणीला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, लागत नाही. प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम एवढाच अभ्यास. पास झालात की परवान्यासाठी अर्ज करायचा, आणि परवान्याबरोबर व्हीयू३ने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळतं. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर तोच पाच वॅटचा हँडसेट मग हक्कानं वापरता येतो. मंडळाच्या बंदोबस्तासाठी किंवा धंद्यासाठी मात्र तो पट्टा वापरायचा नाही, त्याला वरचे ४४६चे सेटच.