पुराचा मेसेज टाकताना या चुका टाळा

जून उजाडला की आमच्या नाशिकच्या गोदाकाठच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तेच मेसेज सुरू होतात आणि त्याच चुका. पंचवटीत राहतो, बरीच वर्षं पावसाळ्यात गल्लीतल्या लोकांना कळवायचं काम आम्ही चार-पाच जण करतो, त्यामुळे आता राहवत नाही म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक, आणि ही मी स्वतः केलीय. आकडा कॉपी करायचा, खाली "सतर्क राहा" लिहायचं आणि काम झालं म्हणायचं. काही वर्षांपूर्वी श्रावणात संध्याकाळी मी असाच मेसेज टाकला, गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग, नदीकाठच्यांनी सतर्क राहावे. भांडी बाजाराकडे खालच्या गाळ्यात दुकान असलेल्या एका काकांनी लगेच अंगठा दिला. रात्रीत पाणी गाळ्यात शिरलं, खोकीच्या खोकी भिजली. सकाळी चिखल काढायला गेलो तर काका म्हणाले, "अरे मी सतर्कच होतो की, रात्रभर जागा होतो घरी. माल वर चढवायचा असं कुठं लिहिलं होतं तू?" मला उत्तर देता आलं नाही. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

१ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. म्हणजे १० हजार क्युसेकला १० हजार लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला. पण हे कळूनही काकांना माझ्या ओट्यावर पाणी येणार का, किती वाजता, आणि मी काय करू हे कळत नाहीच. आता माझा मेसेज असा असतो: "मंगळवार, संध्या. ६ वाजता. पाणी वाढतंय. खालच्या गाळ्यातला माल ९ च्या आत वर चढवा. घाटावरच्या टपऱ्या आणि गाड्या आत्ताच काढा. पुढचा मेसेज ८ वाजता." क्युसेक टाकायचाच तर सगळ्यात शेवटी. आणि ८ चा मेसेज ८ ला जातोच, काही बदललं नसलं तरी, कारण आपण गप्प बसलो की लोक समजतात पूर ओसरला.

आकड्यांचा अजून एक घोळ. गंगापूर धरणाचा विसर्ग आणि खाली शहरातल्या होळकर पुलाखालचा विसर्ग एकच समजतात लोक. मधे शहरात पडलेला पाऊस, नाले, सगळं नदीतच येतं, म्हणून पुलाखालचा आकडा जास्त असू शकतो. धरणातून कमी सोडलंय, चिंता नको असं लिहिणाऱ्यांनी आधी हे बघा. नदीच्या खालच्या अंगाला चांदोरी-सायखेड्याच्या पाहुण्यांना रामकुंडाचे फोटो पाठवून धीर देणाऱ्यांनी पण, कारण त्यांच्या वरच्या बाजूला दारणा नदीचं पाणी येऊन मिळतं, ते रामकुंडावर दिसतच नाही.

दुतोंड्या मारुतीबद्दल, म्हणजे रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या मारुतीच्या उंच मूर्तीबद्दल, जरा सविस्तर बोलायचंय. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला पाणी, ही भाषा नाशिककराला झोपेतही कळते, म्हणून मी ती मुद्दाम वापरतो. यापेक्षा चांगली मोजपट्टी कुठल्या अॅपात नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण दोन धोके आहेत. एक, नुसतं "मारुतीच्या कमरेला लागलं" लिहिलं की पोरं बाईक काढून बघायला निघतात, म्हणून त्याच ओळीत "घाटावर येऊ नका" लिहाच. दुसरं, सराफ बाजारात सरस्वती नाल्याचं पाणी नदी चढायच्या आधीच भरू शकतं, एक जोरदार सर पुरते. तेव्हा मारुती कोरडा आहे म्हणून सराफ बाजाराला निवांत राहा सांगू नका.

तारीख-वेळ नसलेला मेसेज तर पाठवूच नका. "उद्या सकाळी पाणी सोडणार" हा फॉरवर्ड तीन दिवस फिरतो आणि रोजचा उद्या नवीन असतो. जुने व्हिडिओ तसेच, २०१९ चा पूर दरवर्षी "आत्ताचा" म्हणून येतो. एवढी घाई कसली असते पहिल्यांदा टाकायची? दोन मिनिटं थांबा, १०७७ ला जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला फोन लावा, मग लिहा.

हवामान खात्याच्या अलर्टचा रंग सांगताना कुठे ते सांगा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारी ठेवा, रेड म्हणजे हालचाल करा, पण तो घाटमाथ्याला आहे की अख्ख्या जिल्ह्याला? शहरात ऊन असताना त्र्यंबककडे कोसळत असतो आणि गंगापूर भरतं तिकडच्याच पाण्याने.

रिक्षावरून पुकारताना "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की" नको. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, "हलवा" ऐकू येईपर्यंत रिक्षा पुढच्या गल्लीत गेलेली असते. "गाड्या हलवा! गाड्या हलवा!" इथून सुरू करा, कारण नंतर सांगा.

"२००८ च्या पुरात पण आमच्याकडे पाणी नव्हतं आलं" म्हणणाऱ्या आजोबांशी ग्रुपवर वाद घालू नका. घरी जा, चहा घ्या, औषधं आणि कागदपत्रं पिशवीत भरून द्या. घाटावर फुलं विकणाऱ्या मावशींकडे साधा फोन आहे, त्यांना मी फोनच करतो आणि "काय करणार आता?" असं त्यांच्याकडून वदवून घेतल्याशिवाय ठेवत नाही.