नाशिकचा राहुकाळ आणि चौघडिया घरच्या घरी काढा
राहुकाळ, म्हणजे रोजची शुभकामाला टाळायची वेळ, म्हटलं की सोमवारी साडेसात ते नऊ, शुक्रवारी साडेदहा ते बारा, हे बऱ्याच जणांना तोंडपाठ असतं. पण ह्या वेळा सहाला सूर्योदय आणि सहालाच सूर्यास्त असं धरून काढल्यात, आणि आपल्या नाशकात असा दिवस वर्षभरात एकदाही येत नाही. कारण देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं आणि नाशिक पडतं पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या साधारण ३५ मिनिटं मागे. म्हणून पाठ केलेल्या वेळा सोडा आणि सरळ हिशोब करा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी त्या दिवसाचा नाशिकचाच सूर्योदय-सूर्यास्त बघा, मुंबई-पुण्याचा नको. समजा जूनमधला शुक्रवार आहे, सूर्योदय ६.०० आणि सूर्यास्त ७.१२ धरू. दिनमान झालं ७९२ मिनिटं, त्याला ८ ने भागलं की एक भाग ९९ मिनिटांचा. आता राहुकाळ कितवा भाग ते वारावर ठरतं: सोमवारी दुसरा, मंगळवारी सातवा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, शुक्रवारी चौथा, शनिवारी तिसरा, रविवारी आठवा. शुक्रवारचा चौथा भाग येतो १०.५७ ते १२.३६. म्हणजे साडेदहाला राहुकाळ लागला म्हणून शोरूममध्ये ताटकळत बसलात आणि बरोबर बाराला नवीन गाडीची पूजा केलीत तर ती भर राहुकाळात झाली की हो!

चौघडिया म्हणजे दिवसाचे शुभ-अशुभ भाग, त्यालाही हेच आठ भाग. क्रम उद्वेग, चल, लाभ, अमृत, काळ, शुभ, रोग असा फिरत राहतो, आठवा भाग परत पहिल्याचाच. रविवार उद्वेगने सुरू होतो, सोमवार अमृत, मंगळवार रोग, बुधवार लाभ, गुरुवार शुभ, शुक्रवार चल, शनिवार काळ. आपल्या शुक्रवारी ९.१८ ते १०.५७ अमृत आहे, गाडी तेव्हाच घ्या. नाहीच जमलं तर १२.३६ नंतर शुभ लागतो. रात्रीचा क्रम वेगळा असतो, तो पंचांगात बघावा.

अभिजित मुहूर्त म्हणजे दिनमानाच्या पंधरा भागांतला मधला, आठवा. इथे १२.१० ते १.०२. लोक अभिजित दिसला की डोळे झाकून धरतात, पण शुक्रवारी त्याचा पहिला अर्धा भाग राहुकाळातच जातो, मला विचाराल तर तेवढा सोडावाच.

तिथी आणि नक्षत्र संपायची वेळ मात्र देशभर एकच असते, तिथे नाशिकसाठी वेगळा हिशोब लागत नाही. चंद्रोदयाचं तसं नाही. संकष्टीला नागपूरची बहीण फोन करून सांगेल चंद्र दिसला म्हणून, पण तिच्याकडे तो आपल्या साधारण वीस मिनिटं आधी उगवतो, तेव्हा नाशिकची वेळ बघूनच उपास सोडा.