एएम ट्रान्समीटरच्या मॉड्युलेटरला व्होल्टेज किती द्यायचं? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मॉड्युलेटरपासून, म्हणजे आवाज रेडिओलहरीवर चढवणाऱ्या भागापासून, सुरुवात करणं. ६एल६ या व्हॉल्व्हची जोडी हातात आली की डेटाशीटमधला सगळ्यात मोठा आकडा बघायचा आणि तेवढ्याचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचा, हे बहुतेकजण करतात. आधी फायनल, म्हणजे अँटेनाला पॉवर देणारा शेवटचा टप्पा, ठरवा. समजा फायनलला एक ८०७ व्हॉल्व्ह आहे, ४५० व्होल्ट आणि ९० मिलिअँपिअरवर, म्हणजे इनपुट साधारण ४० वॉट, शंभर टक्के मॉड्युलेशनला ऑडिओ लागणार त्याच्या निम्मा म्हणजे २० वॉट, आणि ४५० भागिले ०.०९ केलं की लोड आला ५००० ओहम. आता ६एल६ची जोडी एबी१ मध्ये (ग्रिड करंट न घेता चालवायची पद्धत) प्लेटला ३६०, स्क्रीनला २७० आणि ग्रिडला उणे २२.५ व्होल्टवर २६ वॉट देते, प्लेट ते प्लेट ६६०० ओहमवर. मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये थोडं गेलं तरी भागतंय. मग मॉड्युलेटरला ४५० कशाला पाहिजेत?

ते ४५० मी दिले होते. प्लेट ४५०, स्क्रीन ४००, बायस (ग्रिडचं व्होल्टेज) उणे ३७, ५५ वॉटवाले आकडे. पण ते ६एल६जीसी या नंतरच्या जातीचे आहेत आणि माझ्याकडच्या जुन्या व्हॉल्व्हवर नुसतं जी लिहिलेलं. ऑडिओ नसतानाच जोडी ११६ मिलिअँपिअर घेते म्हणजे एकेका प्लेटवर २६ वॉट, आणि जी ची प्लेट सोसते १९ वॉट. रात्री पडवीतला दिवा बंद केला तेव्हा दिसलं, प्लेटच्या मधोमध नखाएवढा लाल ठिपका, आणि बघताबघता तो पसरत गेला. काचेवरचं अक्षर वाचल्याशिवाय आकडा उचलू नका.

दुसरं म्हणजे घरातली लाईट. आमच्याकडे देवगडात गणपतीत चाकरमानी आले की संध्याकाळी मेन्स १९० पर्यंत बसते आणि मध्यरात्री २५० ला जाते. १९० ला ६.३ चा हीटर ५.२ वर येतो, एमिशन (इलेक्ट्रॉन सुटणं) कमी पडतं, आवाजाची टोकं चपटी होतात आणि आपण उगाच मायक्रोफोनला दोष देत बसतो. २५० ला तोच हीटर ६.८५ वर आणि ४५० चे ४९० होतात. म्हणून मेन्स बघून मगच प्लेट व्होल्टेज मोजा, आणि लोड लावून मोजा, कारण कंडेन्सर इनपुटचा सप्लाय रिकामा असताना वाट्टेल तेवढा वर दाखवतो.

आता खारा वारा. पूर्ण मॉड्युलेशनला फायनलच्या प्लेटवर दुप्पट व्होल्टेज येतं, त्यावर आरएफ (रेडिओलहरीचं व्होल्टेज) चढला की टँकच्या, म्हणजे फायनलच्या ट्यूनिंग सर्किटच्या, कंडेन्सरला चौपट, म्हणजे ४५० वर १८०० आणि ६०० वर २४००. डोंबिवलीत जो कंडेन्सर २४०० झेलेल तो समुद्राकाठी पावसाळ्यात ठिणगी टाकतो, पत्र्यांवर मीठ बसलेलं असतं. मी तरी इथे ६०० च्या वाटेला जात नाही.

जुने कागदी कपलिंग कंडेन्सर तर सरळ काढूनच टाका. दमट हवेत लीक होऊन १०० मायक्रोअँपिअर जरी १०० के ग्रिड रेझिस्टरमधून गेले तरी १० व्होल्ट पडतात, म्हणजे उणे २२.५ चा बायस उणे १२.५ झाला आणि प्लेट परत लाल. व्होल्टेज जास्त झालं म्हणून लोक ट्रान्सफॉर्मर बदलतात, दोष असतो दहा रुपयांच्या कंडेन्सरचा.

सप्लायच्या कंडेन्सरवर ब्लीडर, म्हणजे चार्ज उतरवणारा रेझिस्टर, लावा, आणि बंद करून मीटरवर शून्य दिसेपर्यंत आत हात घालू नका, हे व्होल्टेज जीव घेतं. हवेत जायचं, म्हणजे प्रसारण करायचं, तर हॅम लायसन्स पाहिजेच.

फायनल जोडायच्या आधी मॉड्युलेटरला ऑडिओ द्यायचा असेल तर मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी कधी मोकळी ठेवू नका, आतलं इन्सुलेशन फुटतं. तिथे ५००० ओहम ५० वॉटचा वायरवाउंड लावा, १००० हर्ट्झ द्या, आणि एसी मीटरवर ३१६ व्होल्ट आले की तुमचे २० वॉट झाले.