सेल्युलर जेल कोणत्या क्रमाने पाहावे

अंदमानातील सेल्युलर जेलमध्ये शिरताच बहुतेक मराठी पर्यटक सावरकरांची कोठडी कुठे आहे, हे विचारतात. ती अवश्य पाहावी, पण शेवटी. कारण हा तुरुंग माणसाला एकटे पाडण्यासाठी कसा रचला होता, हे आधी समजले नाही तर ती कोठडी म्हणजे केवळ एक रिकामी खोली वाटते.

सुरुवात मधल्या मनोऱ्यापासून करावी. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या तीनमजली सात इमारती या मनोऱ्यातून फुटत होत्या. आज त्यांतल्या तीनच उरल्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची दारे शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे येतील अशी मांडणी असल्यामुळे समोरासमोरचे बंदी एकमेकांना दिसत नसत. मनोऱ्यातील संगमरवरी फलकांवर बंद्यांची नावे आहेत. त्यांत बंगालमधली नावे किती आहेत, हे सावकाश वाचावे. मग खालच्या एखाद्या उघड्या कोठडीत जाऊन काही वेळ उभे राहावे. झरोका हाताला न लागण्याइतका उंच आहे आणि दाराची कडी भिंतीतल्या खोबणीत अशी बसवली आहे की आतल्या माणसाचा हात तिथवर पोहोचू नये.

अंगणात कोलूची प्रतिकृती आहे. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढण्याचे काम बैलाऐवजी माणसाला जुंपून करवले जाई. फाशीघर जवळच आहे. तिथे छायाचित्रांसाठी गर्दी करू नये, एवढेच सांगणे पुरे. समोरच्या उद्यानात महावीर सिंह, मोहित मोइत्रा आणि मोहन किशोर नामदास यांचे पुतळे आहेत. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न घालताना या तिघांचा मृत्यू ओढवला, तरीही आपल्याकडचे पर्यटक त्यांच्यापाशी क्वचितच थांबतात.

आता तिसऱ्या मजल्यावर, टोकाच्या त्या कोठडीकडे जावे. सावरकर १९११ मध्ये इथे आले, तेव्हा त्यांचे थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते.

अंदमान बरेच पूर्वेला असूनही घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच असल्याने हिवाळ्यात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. म्हणून सकाळी जाणे बरे. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचे तिकीट वेगळे असते. त्याची वेळ, भाषा आणि संग्रहालयाच्या सुट्टीचा दिवस आदल्या दिवशीच विचारून घ्यावा.