सीओपीडीची शोधमोहीम कशी आखावी

सीओपीडी हा श्वासनलिका अरुंद होत जाऊन फुफ्फुसे कायमची दुबळी करणारा जुनाट आजार आहे. तो लवकर ओळखण्यासाठी मोहीम काढायचे ठरले की बहुतेक वेळा पहिली चर्चा यंत्राच्या खरेदीची होते. त्याआधी कोणाला तपासायचे हे ठरवावे. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यदलाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये, लक्षणे नसलेल्या प्रौढांची सरसकट तपासणी करू नये अशी शिफारस केली, कारण तिचा फायदा होतो असा पुरेसा पुरावा नाही. म्हणून ज्यांना धोकाही आहे आणि त्रासही आहे, अशांनाच शोधावे. धोका केवळ धूम्रपानाचा नसतो. चुलीच्या धुरात गेलेली वर्षे, कामावरची धूळ किंवा रासायनिक वाफा आणि पूर्वी झालेला क्षयरोग यांचीही नोंद घ्यावी, अन्यथा कधीही विडी न ओढलेल्या स्त्रिया यादीतून हमखास सुटतात.

प्रश्नावली छोटी असावी, पण प्रश्न विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘दम लागतो का?’ असे विचारले की अनेकजण ‘नाही’ म्हणतात, कारण दम लागेल असे काम त्यांनी नकळत सोडून दिलेले असते किंवा दम लागणे वयाच्या खाती टाकलेले असते. त्याऐवजी बरोबरीच्या माणसांसोबत सपाट रस्त्यावर चालताना मागे पडता का, जिना चढताना मध्येच थांबावे लागते का आणि सकाळी बेडका पडतो का, असे विचारावे. दोन आठवड्यांहून जुना खोकला, थुंकीतून रक्त किंवा वजनात घट आढळल्यास आधी क्षयरोगाची तपासणी करावी. अशा व्यक्तीला रांगेत बसवून ठेवू नये.

निवडलेल्यांची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकलेली हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते हे मोजणारी चाचणी, करावी. फुंकण्याचा फक्त सर्वाधिक वेग दाखवणारे पीक फ्लो मीटर प्राथमिक चाळणीला चालेल, पण त्यावरून निदान करू नये. स्पायरोमेट्रीच्या यंत्राची अचूकता रोज ३ लिटरच्या सिरिंजने पडताळावी. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा डोळ्यांची अथवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीची चाचणी डॉक्टरांना विचारूनच करावी.

चाचणीचे यश यंत्रापेक्षा ती करवून घेणाऱ्यावर अधिक अवलंबून असते. व्यक्तीला ताठ बसवून, नाकाला चिमटा लावून, छाती पूर्ण भरून श्वास घ्यायला सांगावे. ओठ नळीभोवती घट्ट मिटल्यावर एका झटक्यात जोर लावून फुंकायला लावावे आणि ‘अजून, अजून, थांबू नका’ असे मोठ्याने म्हणत छाती रिकामी होईपर्यंत साथ द्यावी. येथे संकोच नडतो. सुरुवातीलाच खोकला आला किंवा कडेने हवा निसटली, तर तो प्रयत्न बाद धरावा. किमान ३ चांगले प्रयत्न मिळवावेत, त्यांतील सर्वोत्तम दोहोंत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा आणि ८ प्रयत्नांनंतर सहसा थांबावे, कारण थकलेल्या माणसाचे आकडे बिघडतच जातात.

पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले जोर लावून सोडलेली एकूण हवा, हे गुणोत्तर पाहावे. ते ०.७० पेक्षा कमी आल्यास ४०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामोल (श्वासनलिका सैल करणारे औषध) देऊन साधारण १५ मिनिटांनी चाचणी पुन्हा करावी; औषधानंतरही ते कमीच राहिले, तर लक्षणे आणि धोका यांच्या जोडीने सीओपीडीचे निदान पक्के होते. औषधानंतरचा आकडा ०.६० ते ०.८० यांच्या दरम्यान असल्यास वेगळ्या एखाद्या दिवशी चाचणी पुन्हा घेणे शहाणपणाचे. वृद्धांमध्ये हे गुणोत्तर वयानुसारही घटते, त्यामुळे निरोगी वृद्धाला रोगी ठरवण्याची चूक सहज होते. दम्याची शक्यताही डॉक्टरांनी तपासावी.

निदान झालेल्यांना कोठे पाठवायचे हे मोहिमेच्या आधीच लेखी ठरवावे: तंबाखू सोडवण्यास मदत, लसीकरण, इन्हेलर कसे ओढायचे याचे प्रात्यक्षिक आणि पुढील भेटीची तारीख. ज्यांचा निकाल ठीक आला पण दम लागतो, त्यांना ‘फुफ्फुसे उत्तम’ असे सांगून परत पाठवू नये. त्यांचे हृदय आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासण्यासाठी चिठ्ठी द्यावी.